वर्गणी

सहा जीबी.
एवढं मागितलं संगणकानं, तीस नोव्हेंबरला,
सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी.
'नंतर आठवण करा' हे बटण त्या दिवशी नव्हतंच.
सव्वा वर्ष मी तेच दाबत आले होते.

केबल तर पोळ्याच्या आधीच
नळयोजनेच्या नालीत जेसीबीनं उपटलेली.
म्हणून मग बाकावर बसलेल्यांकडे पाहिलं, एकेकाच्या खिशाकडे.

वहीच्या मागच्या पानावर आहे सगळं,
शारदोत्सवाची लिहितात तसं:
माझा स्वतःचा, पाऊण.
तेजस उइके, पोलीस भरतीचा फॉर्म, एक जीबी
(अर्धा सकाळीच रीलमध्ये गेला, हे त्यानं मान खाली घालून सांगितलं).
प्राची ढोके, नर्सिंग, सव्वा.
रज्जाक मिस्त्री, काम काहीच नव्हतं, सहज टेकला होता, दीडच्या दीड.
आणि दीड अंगणवाडीच्या बाईंचा.
माहं नाव नको लिहू, म्हणाल्या.

दोन वाजता बसवणं सुरू झालं.
शेजारी गिरणी. तिचा पट्टा फिरला
की आमचा बल्ब पिवळा पडतो
आणि इन्व्हर्टर मांजरासारखं ओरडतं.
'संगणक बंद करू नका'
मी दारात उभी राहून मोठ्यानं वाचलं.
शालिकरामनं पट्टा उतरवला.
ज्वारीचे डबे तिकडेच ओळीत राहिले,
डब्यांच्या मालकिणी इकडे आल्या.

छत्तीस टक्के.
चाळीस मिनिटं छत्तीसच.
"माही म्हैस बी इतकी नोयती अडली," वच्छलाबाई म्हणाली.
कोणी म्हणे हात लाव, कोणी म्हणे लावू नको.
मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले,
एकही कळ दबणार नाही अशी.

मग काच काळी झाली.
तिच्यात आम्ही सगळे दिसलो, दाटीनं,
शालिकरामच्या भुवयांवर पीठ.
कोणी हललं नाही.

पावणेसहाला उघडला.
डाव्या कोपऱ्यातली बटणं मधोमध आली होती
आणि मागे कुठल्या तरी देशाचा निळा डोंगर.
"बस?" शालिकराम म्हणाला,
"याच्यासाठी मी गिरनी बंद ठेवली?"

उकंडराव नागोसे, वनखात्यातून निवृत्त,
सकाळपासून अंगठा धुऊन बसले होते.
हयातीचा दाखला. आज शेवटची तारीख.
अंगठा ठेवला, पण यंत्राचा लाल दिवा लागेना.
नव्या संगणकाला जुनं यंत्र ओळखता येत नव्हतं.
त्याची ओळख वेगळी उतरवून घ्यायची,
एकशे ऐंशी एमबी.

वहीतली नावं संपली होती.
नवा डाटा रात्री बाराला येतो.
तारीखही बारालाच जाते.

"माह्या फोनात पाह्य बरं," उकंडराव म्हणाले,
"पोरगा पुन्याहून टाकत राह्यते काई तरी.
मी त फकस्त उचलतो."

दीड जीबी.
अख्खा, हात न लागलेला.
बंडीच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे
रोज रात्री बाराला तो असाच मरत होता, तीन वर्षं.
हिशेब मनात सुरू केला आणि सोडून दिला.

सात वाजून अकरा मिनिटांनी लाल दिवा लागला.
अंगठा तिसऱ्या खेपेला घेतला.
ते आहेत, असं हिरव्या अक्षरांत आलं.
बाकावरून रज्जाक म्हणाला, "आमाले सकाळपासून दिसून राह्यले ना!"
शेजारी पट्टा चढला. बल्ब पिवळा पडला.

उकंडराव दारापर्यंत गेले, परत आले.
"मंग उरलेल्याचं काय करू, बाई?
सकाळपर्यंत राहीन काय तो?"

मी वहीत शेवटची ओळ लिहिली:
उ. नागोसे, एकशे ऐंशी एमबी.
मग ते खोडून
दीड जीबी केलं.